मॉन्स्टरची टिपणं कशी काढावीत? पहिल्यांदा डीएम होणाऱ्यांसाठी

डीएम म्हणजे डंजन मास्टर: डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या कथाखेळात गोष्ट आणि मॉन्स्टर सांभाळणारा माणूस. पहिल्यांदा डीएम होणाऱ्याची तयारी बहुतेक वेळा नकाशा, गोष्ट आणि गावातल्या पात्रांची नावं यातच संपते. मॉन्स्टर काय, पुस्तकात आहेतच, असं वाटतं. मग ऐन रंगात आलेल्या लढाईत लांडगा झेप घेतो आणि डीएम पुस्तकात डोकं घालतो. याला सेव्हिंग थ्रो, म्हणजे परिणाम टाळायचा फासा, कुठला? डीसी, म्हणजे त्यात गाठायचा आकडा, किती? खाली पडलेल्या माणसावर ॲडव्हांटेज मिळतो का? तोवर चार खेळाडू हातात फासे धरून ताटकळत बसलेले असतात.

यावर उपाय म्हणजे मॉन्स्टरची स्वतःची टिपणं. पण पुस्तकातला स्टॅट ब्लॉक, म्हणजे प्राण्याच्या आकड्यांचा तक्ता, वहीत उतरवून काढला तर फारसं काही हाती लागत नाही. चांगल्या टिपणात घरी निवांतपणे घेऊन ठेवलेले निर्णय असतात: हा प्राणी इथे का आहे, आधी कुणावर जाईल, काय झालं की पळेल. हे ठरलेलं असलं की टेबलवर तुमचे डोळे कागदावर न राहता समोर बसलेल्या माणसांवर राहतात.

हा लेख डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीला धरून आहे आणि आकडे २०१४ च्या नियमांतले आहेत. २०२४ पासून सुधारित पुस्तकं येऊ लागली, नवं मॉन्स्टर मॅन्युअल फेब्रुवारी २०२५ मध्ये आलं, आणि त्यात बऱ्याच मॉन्स्टरचे आकडे बदलले आहेत. तुमच्या गटाकडे जे असेल ते वापरा, फक्त एका लढाईत दोन्हींची सरमिसळ करू नका. पुस्तकं महाग वाटत असतील तर मूळ नियमांचा मोठा भाग एसआरडी ५.१ या नावाने जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतो. परवान्यानुसार श्रेय दिलं की तो मजकूर मराठीत आणून इतरांना वाटायलाही मोकळीक आहे. मराठीत खेळणाऱ्या गटांनी ही सोय जरूर वापरावी.

आधी गटाचं पान

मॉन्स्टर निवडण्याआधी एका पानावर आपला गट मांडा. प्रत्येक पात्राचा आर्मर क्लास म्हणजे एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा), हिट पॉइंट म्हणजे एचपी (किती नुकसान सोसेल), पॅसिव्ह पर्सेप्शन (न शोधता किती लक्षात येतं), आणि हमखास वापरली जाणारी दोन-तीन हत्यारं किंवा मंत्र. एवढंच पुरे.

उदाहरणासाठी तिसऱ्या लेव्हलचा चौघांचा गट धरू: फायटर (लढवय्या), क्लेरिक (देवाच्या शक्तीचे मंत्र वापरणारा), रोग (लपूनछपून वार करणारा) आणि विझार्ड (जादूगार). फायटरकडे चेन मेल आणि ढाल आहे, म्हणजे एसी १८. विझार्डचा एसी १२, आणि कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे काटकपणाचा, मॉडिफायर +१ असेल तर एचपी अवघे १७. क्लेरिकला तिसऱ्या लेव्हलला दुसऱ्या पातळीचे मंत्र मिळतात, त्यात ‘सायलेन्स’ आहे. विझार्डकडे ‘स्लीप’ आहे. या दोन मंत्रांचा पुढे उपयोग होणार आहे.

याच पानाच्या तळाशी माणसांबद्दल लिहा. कुणाला डावपेच लढवायला आवडतात, कुणाला बोलून मार्ग काढायला, कुणाला फक्त मोठा फासा जोरात टाकायचा असतो. आणि कुणाला काय नको आहे तेही. कोळी म्हटलं की खरोखर अंगावर काटा येणारी माणसं असतात. कुत्र्यामांजरांना इजा झालेली काहींना सहन होत नाही, लहान मुलांवरचं संकट काहींना नको असतं. खेळ सुरू होण्याआधीच्या गप्पांमध्ये, ज्याला सेशन झिरो म्हणतात, हे सरळ विचारून घ्या. आमच्या उदाहरणात लांडगे आहेत. गटात कुणाला ते नको असतील तर त्याच आकड्यांवर दुसरा प्राणी उभा करता येतो, ते कसं हे पुढे येईलच.

झेपेल की नाही, याचा हिशोब

आपण डोंगरातल्या खिंडीत एक ओगर (धिप्पाड, मठ्ठ दैत्य) आणि चार लांडगे ठेवतो आहोत. ओगरचा चॅलेंज रेटिंग, म्हणजे ताकदीचा आकडा किंवा सीआर, २ आहे आणि एक्सपी (हरवल्यावर मिळणारे अनुभवाचे गुण) ४५०. लांडग्याचा सीआर पाव, एक्सपी ५०. एकूण ६५०.

२०१४ च्या नियमांत तिसऱ्या लेव्हलच्या एका पात्रामागे सोप्या लढाईची मर्यादा ७५ एक्सपी, मध्यम १५०, कठीण २२५ आणि जीवघेणी ४००. चौघांसाठी ३००, ६००, ९०० आणि १,६००. शत्रू तीन ते सहा असतील तर त्यांच्या बेरजेला दोनने गुणायचं. म्हणजे आपली लढाई १,३०० ची झाली: कठीण, पण जीवघेणी नाही. २०२४ च्या नियमांनी ही गुणाकाराची भानगड काढून टाकली. तिथे चौघांसाठी ६०० ही हलकी, ९०० ही मध्यम आणि १,६०० ही भारी लढाई, त्यामुळे आपले ६५० हलक्याच्या थोडे वर बसतात. एकाच लढाईबद्दल दोन पुस्तकांचं मत इतकं वेगळं असेल तर या हिशोबावर किती विसंबायचं हे ओळखा. तो फक्त घोडचूक टाळण्यासाठी आहे.

खरा अंदाज एका साध्या आकडेमोडीतून येतो. तिसऱ्या लेव्हलच्या पात्राचा वार साधारण +५ ने होतो, म्हणजे वीसबाजूंच्या फाशावर जे येईल त्यात ५ मिळवायचे. ओगरचा एसी ११, म्हणजे फाशावर ६ किंवा जास्त हवेत, म्हणजे १०० पैकी ७५ वार लागतात. ओगरचे एचपी ५९. गट मिळून एका राउंडमध्ये, म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी होईतो, पंचवीसेक नुकसान करतो असं धरलं तर एकटा ओगर तिसऱ्या राउंडला आडवा होतो. लांडग्यांचे सरासरी ११ प्रमाणे ४४ धरले तर सगळी लढाई चार राउंडच्या आसपास जाईल. नवख्या गटासाठी हे माप चांगलं. याहून लांबली तर लोक कंटाळतात.

आता दुसरी बाजू. लांडग्याचा चावा +४, सरासरी नुकसान ७. विझार्डच्या १२ एसीवर तो १०० पैकी ६५ वेळा लागतो. पण लांडग्यांकडे पॅक टॅक्टिक्स असतं: ज्याला चावायचं त्याच्या पाच फुटांत साथीदार असला की ॲडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. मग तोच चावा ८८ वेळा लागतो. दोन लांडगे विझार्डपर्यंत पोचले तर सतरातले चौदा एचपी एका फेरीत जाऊ शकतात. ओगरच्या सोट्याचं सरासरी नुकसान १३, आणि क्रिटिकल (फाशावर २०, मग नुकसानाचे फासे दुप्पट) बसला तर २२. म्हणजे विझार्ड एका फटक्यात खाली. हे आधी माहीत असलं की लांडगे पहिल्या राउंडला कुणावर सोडायचे हे तुम्ही जाणूनबुजून ठरवता. फाशावर ढकलून मोकळं होता येत नाही.

कार्ड

स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी जाड इंडेक्स कार्डं घ्या किंवा वहीचं अर्धं पान. एका प्रकारच्या मॉन्स्टरला एक कार्ड. पेन्सिलने लिहा, कारण एचपी खोडावे लागतात. लॅपटॉपवर टिपणं ठेवणारेही बरेच आहेत, पण तुमच्या आणि खेळाडूंच्या मध्ये उभा राहिलेला स्क्रीन मला खटकतो.

आपल्या ओगरचं कार्ड असं:

खिंडीतला ओगर
हवंय काय: मिठाच्या तांड्यातली खेचरं. खायला. माणसांशी वैर नाही.
आधीची खूण: धुक्यातून बैलाच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज. वाटेवर सांडलेलं मीठ, फाटलेली गोणी.
एसी ११. एचपी ५९ (२८ ते ९१). वेग ४० फूट. पॅसिव्ह पर्सेप्शन ८. इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम) −१.
सोटा: +६, नुकसान २डी८+४, म्हणजे दोन आठबाजूंचे फासे अधिक ४ (१३).
भाला: +६, ३० फुटांपर्यंत नीट, २डी६+४ (११).
घंटा: बोनस ॲक्शन (पाळीतली जादा छोटी कृती). ६० फुटांतला एक लांडगा रिॲक्शन (पाळीबाहेरची कृती) वापरून लगेच २० फूट सरकतो.
घंटेचा पट्टा: एसी १५, एचपी ५. तुटला की लांडग्यांचा धीर (कधी पळायचं तो आकडा, नियम पुढे) ८ वरून ६.
धीर: १०. एक खेचर मिळालं तर लढाई थांबवतो.
बोली: कॉमन येते, पण वाक्यं दोन-तीन शब्दांची.

आणि लांडग्यांचं:

लांडगे, चार
एसी १३. वेग ४० फूट. पॅसिव्ह पर्सेप्शन १३. इनिशिएटिव्ह +२, चौघांचा एकच फासा.
चावा: +४, २डी४+२ (७). लागला की स्ट्रेंग्थ सेव्ह, डीसी ११, नाहीतर प्रोन (जमिनीवर आडवा).
प्रोन: जवळून वार करणाऱ्याला ॲडव्हांटेज, लांबून करणाऱ्याला डिसॲडव्हांटेज. उठायला निम्मा वेग.
पॅक टॅक्टिक्स: समोरच्याशेजारी साथीदार असला की ॲडव्हांटेज.
काळा कान १३ / पांढरे पाय ११ / लंगडा ९ / पिल्लू ६
धीर: ८.

स्टॅट ब्लॉकमधलं बरंच काही इथे आलेलं नाही, ते मुद्दाम. ओगरचा करिश्मा ७ आहे, पण या खिंडीत त्याचा उपयोग व्हायचा नाही. उलट प्रोनचा नियम पुस्तकात दुसरीकडे, कंडिशन्सच्या यादीत आहे, तो मात्र कार्डावर आलाय. लांडगा चावला की दरवेळी तो लागणार. जे टेबलवर लागणार ते कार्डावर, मग पुस्तकात ते कुठल्याही पानावर असो.

लांडग्यांच्या ओळीकडे नीट पाहा. चौघांना वेगवेगळ्या खुणा आणि वेगवेगळे एचपी दिले आहेत. लांडग्याचे एचपी २डी८+२ आहेत, म्हणजे ४ पासून १८ पर्यंत काहीही चालतं, आणि ११ ही फक्त सरासरी आहे. खुणांचा फायदा लगेच जाणवतो. “मी लांडगा नंबर तीनवर वार करतो” असं म्हणणारा खेळाडू “मी लंगड्यावर जातो” असं म्हणू लागतो. तुम्हालाही कोण किती जखमी आहे ते लक्षात राहतं. आणि एखादा खेळाडू पिल्लाला मारायला तयार होत नाही, त्याला हुसकावून लावतो. तिथून खेळाला जे वळण मिळतं ते कुठल्याच पुस्तकात नसतं.

कंसातलं सरासरी नुकसानही मुद्दाम लिहिलंय. चार लांडग्यांच्या प्रत्येक चाव्यासाठी फासे टाकत बसण्यापेक्षा त्यांना सरळ ७ धरा. ओगरचा सोटा मात्र फाशांनी मोजा. मोठ्या फटक्याआधी टेबलवर शांतता पसरते, ती घालवू नका.

पहिल्या तीन राउंडांचा बेत

कार्डाच्या मागच्या बाजूला तीनच ओळी.

पहिला राउंड: लांडगे खेचरांभोवती. ओगर लांबून भाला फेकतो, समोर येईल त्याच्यावर.
दुसरा: ‘काळा कान’ आणि ‘पांढरे पाय’ फायटरवर, खाली पाडायला. घंटा वाजवून ‘लंगडा’ बाजूने आत.
तिसरा: जो खाली पडलाय त्याच्यावर सोटा. कुणी पडलं नसेल तर ओगर खेचर ओढून निघायला लागतो.

दुसऱ्या राउंडला फायटरच का, याला कारण आहे. एसी १८ वर ओगरचा सोटा १०० पैकी ४५ वेळाच लागतो. फायटर प्रोन असेल तर ॲडव्हांटेजमुळे ७० वेळा. लांडगे पाडतात आणि ओगर मारतो, ही त्यांची जोडी आहे. ती एकदा दिसली की खेळाडू ती तोडायच्या मागे लागतात: एकमेकांजवळ राहतात, पडलेल्याला आधी उठवतात, रोग मागून लांडगे टिपायला लागतो. असा प्रश्न टेबलवर ठेवणं हेच डीएमचं काम.

तीनहून जास्त राउंडांचा बेत आखू नका. चौथ्या राउंडला परिस्थिती इतकी बदललेली असते की लिहिलेलं निरुपयोगी ठरतं. तोवर तो प्राणी कसा वागतो हे तुमच्या अंगवळणी पडलेलं असतं.

प्राण्याची अक्कलही बेतात दिसली पाहिजे. ओगरची इंटेलिजन्स ५ आहे. मागे उभ्या असलेल्या क्लेरिकमुळे सगळे पुन्हा उठतायत हे त्याला दुसऱ्या राउंडला कळू नये. लांडग्यांना मात्र कळपातलं अशक्त जनावर हेरता येतं, म्हणून ते विझार्डला हुंगत राहतील. गॉब्लिन असते तर वार करून बोनस ॲक्शनने लपले असते, कारण निंबल एस्केप हीच त्यांची खासियत.

धीर, म्हणजे कधी पळायचं

नव्या डीएमच्या हाती प्रत्येक मॉन्स्टर मरेपर्यंत लढतो. जुन्या खेळात तसं नव्हतं. १९८१ च्या बेसिक संचात प्रत्येक मॉन्स्टरला मोराल नावाचा आकडा असे, २ ते १२. बाजूचा पहिला गडी पडला, किंवा निम्मे पडले, की दोन सहाबाजूंचे फासे टाकायचे. बेरीज त्या आकड्याच्या वर गेली तर ते पळतात किंवा शरण येतात. त्या संचात ओगरचा आकडा १० होता. लांडग्यांचा ८, पण कळप निम्म्याच्या खाली आला की ६. गॉब्लिनांचा ७, राजा सोबत असेल तर ९.

हा नियम पाचव्या आवृत्तीत जसाच्या तसा आणायला काही अडचण नाही. ८ असताना पळण्याची शक्यता साधारण २८ टक्के, ६ झाला की ५८ टक्के. एका घंटेच्या पट्ट्यावर किती काही अवलंबून आहे ते या दोन आकड्यांवरून कळेल. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये डीसी १० च्या विझडम सेव्हची वैकल्पिक पद्धत दिली आहे, तीही चालते. मला दोन फाशांची पद्धत आवडते, कारण प्रत्येक मॉन्स्टरचा स्वभाव एका आकड्यात मावतो.

पळून गेलेला किंवा तडजोड केलेला शत्रू म्हणजे हरलेलाच शत्रू. खेचर देऊन वाट मोकळी करून घेणाऱ्या गटालाही मी पूर्ण एक्सपी देतो. तसं केलं नाही, तर मारल्याशिवाय काही मिळत नाही एवढंच खेळाडू शिकतात.

बदल एकच करा, पण नीट

मॉन्स्टर ‘आपला’ करायचा म्हटलं की नव्यांचा हात आधी आकड्यांवर जातो: एचपी वाढव, एसी वाढव, नुकसान दुप्पट कर. एसीचं बघा. ओगरचा एसी ११ वरून १५ केला तर वाटतं चारच तर वाढवले. पण +५ वाल्याचे ७५ पैकी २० वार त्यामुळे हुकायला लागतात, आणि ५५ उरतात. ५९ एचपीचे ८० केल्यासारखं ते आहे. लढाई लांबते आणि “चुकलं, पुढचा” हे वाक्य टेबलवर वाढतं. आकड्यांत बदल करायचाच असेल तर मूळ फाशांच्या मर्यादेतला एचपी वापरा. ओगरचे एचपी ७डी१०+२१ आहेत. सरदार ओगरला ८० द्या, म्हाताऱ्याला ४०. सगळं नियमातच बसतं.

त्याहून चांगला बदल म्हणजे वागण्यातला. आपल्या ओगरला घंटा दिली. तिच्यामुळे नुकसानाचा एकही फासा वाढलेला नाही, म्हणून सीआर नव्याने मोजावा लागत नाही. पण लढाई बदलली, कारण लांडगे आता नको त्या वेळी नको तिथे असतात.

असा बदल करताना दोन गोष्टी पाहाव्या. पहिली, तो आधी जाणवला पाहिजे. घंटेचा आवाज लढाईआधीच धुक्यातून येतो. पहिल्या राउंडला ओगर घंटा हलवतो आणि एक लांडगा कान टवकारून जागा बदलतो, हे तुम्ही शब्दांत सांगता. नियम कुणी वाचून दाखवायचा नाही, पण लक्ष देणाऱ्याला तो सापडला पाहिजे.

दुसरी, तो मोडायला वाट हवी, आणि एकाहून जास्त. पट्टा तोडता येतो. क्लेरिकचा ‘सायलेन्स’ वीस फूट त्रिज्येच्या गोलात सगळा आवाज बंद करतो, म्हणजे घंटा मुकी. रोग आधीच पुढे जाऊन घंटेत चिखल भरायचा प्रयत्न करेल. ओगरचा पॅसिव्ह पर्सेप्शन ८ आहे, लांडग्यांचा १३, आणि वास-आवाजाच्या तपासाला त्यांना ॲडव्हांटेज, म्हणून हे सोपं नाही. पण जमलं तर त्या गटात वर्षभर सांगितलं जाईल. तुम्हाला सुचलेली नाही अशी वाट खेळाडूंनी काढली आणि ती पटण्यासारखी असली, तर ती चालू द्या.

इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. गटाच्या पानावरची माहिती त्यांची शक्ती मारायला वापरू नका. विझार्डने ‘स्लीप’ घेतलाय. त्या मंत्राने ५डी८, म्हणजे सरासरी २२ एचपीएवढे जीव झोपतात, सगळ्यात कमी एचपीवाले आधी. म्हणजे पहिल्याच राउंडला ‘पिल्लू’ आणि ‘लंगडा’ घोरायला लागणार. लगेच “हे लांडगे झोपत नाहीत” असं कार्डावर लिहायचा मोह होतो. लिहू नका. त्या खेळाडूने तो मंत्र बऱ्याच विचाराने निवडलेला असतो, आणि आज त्याचा दिवस आहे. उरलेले दोन लांडगे आणि ओगर लढायला पुरेसे आहेत. त्याच माहितीचा चांगला उपयोग म्हणजे प्रत्येक पात्राला काहीतरी करायला मिळेल असं काही कार्डावर असणं. फायटरला ओगर, रोगला पट्टा, क्लेरिकला घंटेचा आवाज, विझार्डला लांडगे. आपल्या लढाईत ते जमलंय.

जुने आकडे, नवा प्राणी

पूर्ण नवा मॉन्स्टर बनवायची घाई करू नका. पुस्तकातला कुणीतरी घ्या, आकडे तेच ठेवा आणि रूप बदला. याला रीस्किन म्हणतात, आणि मराठी गटाकडे त्यासाठी मोठा साठा आहे: मुंजा, हडळ, खवीस, देवचार, चकवा.

चकव्यासाठी विल-ओ-विस्प अगदी चपखल बसतो. वाट चुकवणारा तरंगता उजेड तो आधीपासूनच आहे. एसी १९, एचपी २२, उडण्याचा वेग ५० फूट, स्पर्श +४ आणि नुकसान २डी८ (९). साध्या शस्त्रांचं नुकसान त्याला निम्मंच होतं. तिसऱ्या लेव्हलच्या गटासाठी त्यातली एक गोष्ट काढून टाका: कन्झ्यूम लाइफ. शून्यावर आलेल्या पात्राला ती एका सेव्हमध्ये संपवू शकते, आणि नव्या खेळाडूचं पहिलं पात्र असं जाऊ नये. विजेच्या नुकसानाऐवजी गारठा लिहा. मग एकच नियम जोडा: वाट दाखवणाऱ्याने दर तासाला विझडम सेव्ह करायचा, डीसी १२. चुकला की गट पुन्हा त्याच झाडापाशी.

आणि मोडायची वाट? चकवा लागला की चालत राहू नये, आहे तिथे बसून उजाडायची वाट पाहावी, असं अनेक घरांत सांगतात. ते जसंच्या तसं कार्डावर घ्या. गट बसून राहिला तर सेव्ह थांबतात आणि चकव्याला स्वतः जवळ यावं लागतं. कुणाच्या तरी आजीने सांगितलेली गोष्ट त्या खेळाडूला ऐनवेळी आठवते आणि तोच सगळ्यांना खाली बसवतो. मुंजासाठी स्पेक्टर घ्या (सीआर १, एचपी २२) आणि त्याला पिंपळाच्या झाडापासून ठरावीक अंतरापलीकडे जाता येत नाही असं ठरवा. उन्हाचं वावडं स्पेक्टरला मुळातच आहे.

राक्षस या खेळात १९७७ च्या पहिल्या मॉन्स्टर मॅन्युअलपासून आहे, पण तो वाघाच्या डोक्याचा, उलट्या तळव्यांचा आणि सीआर १३ चा. मराठी घरात वाढलेल्या खेळाडूच्या डोळ्यांसमोर रावण आणि हिडिंबा येतात. कुठला राक्षस येणार आहे ते तुम्ही आधी ठरवा आणि वर्णनात स्पष्ट सांगा, नाहीतर टेबलवर प्रत्येकजण वेगळाच प्राणी पाहत बसेल.

टेबलवर

इनिशिएटिव्हचे मॉन्स्टरचे फासे घरीच टाकून कार्डाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. सारख्या प्राण्यांच्या गटाला एकच फासा पुरतो, आणि तसा नियमही आहे. एचपी वजा करत जाऊ नका, नुकसान बेरजेने वाढवत न्या: १३ च्या ‘काळ्या काना’ला ५ लागले, मग ६, एकूण ११. बेरीज घाईत चुकत नाही.

निम्मे एचपी गेले की ते मोठ्याने सांगा: “ओगर गुडघ्यावर येता येता सावरतो, डावा हात लोंबतोय.” खेळाडूंना आपलं कसं चाललंय ते कळायला आकडा लागत नाही, पण काहीतरी कळावं लागतं.

लढाई चालू असताना एसी किंवा सेव्हचा डीसी बदलू नका. खेळाडू मनात हिशोब करत असतात: १२ ला लागला, १० ला नाही, म्हणजे ११ किंवा १२ असावा. तो हिशोब त्यांनी कमावलेला असतो. सोपं-कठीण करायला वेगळ्या खुंट्या कार्डावर आधीच लिहून ठेवा. सोपं करायचं तर: एक खेचर दावं तोडून पळतं आणि दोन लांडगे त्याच्यामागे जातात. कठीण करायचं तर: तिसऱ्या राउंडच्या शेवटी दरडीवरून आणखी दोन लांडगे, त्यांचं ओरडणं पहिल्या राउंडपासून ऐकू येत असतं. दोन्ही गोष्टी त्या जागेतून येतात, म्हणून खोट्या वाटत नाहीत.

खेळ संपल्यावर सगळे चहाला उठतात तेव्हाच कार्डावर दोन ओळी खरडा: काय चाललं, कुठे अडलं, कोण वाचलं. वाचलेल्यांची कार्डं फेकू नका. ‘पांढरे पाय’ पळून गेला असेल तर त्याच्या नावापुढे तो काय शिकला ते लिहा, उदाहरणार्थ: “आग पाहिली की लांब राहतो, रोगचा वास ओळखतो.” ओगर खेचर घेऊन गेला असेल तर त्याचा हेतू खोडून नवा लिहा, कारण आता तो उपाशी नाही. पुढच्या वेळी गट त्या खिंडीतून जाईल तेव्हा याच कार्डांपासून सुरुवात करा, आणि लांडग्यांचे एचपी पुन्हा पूर्ण करून ठेवा.